शेवट असलेला गेम

नवऱ्याची नोकरी मार्चमध्ये गेली. मंदी येऊन तोवर सहा महिने झाले होते, त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. रांगेत उभं असताना आपला नंबर यावा तसा तो आला. आखातात, आमच्या घरापासून दीड तासावरच्या अल रीम आयलंडवर बावन्न मजल्यांच्या टॉवरचं काम चाललं होतं, ते एकोणिसाव्या मजल्यावर थांबलं. नवरा तिथे प्लॅनिंग इंजिनिअर होता. कुठलं काम कुठल्या आठवड्यात सुरू होणार, कधी संपणार, कशामुळे अडणार, याचे तक्ते करायचा. कामच थांबलं तेव्हा तक्तेही थांबले. त्याने दुपारी शाळेत फोन करून एवढंच सांगितलं, "खलास." मी दोन तासांच्या मधे स्टाफरूममध्ये होते. "घरी आल्यावर बोलू," म्हटलं आणि आठवीला परागीभवन शिकवायला गेले.

घरी आल्यावर फारसं बोललो नाही, कारण कामं होती. त्याचा व्हिसा कंपनीचा होता. तो रद्द झाला की महिनाभरात एकतर देश सोडायचा, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या नावावर जायचं. शिक्षिकेला नवऱ्याला स्पॉन्सर करता येत होतं, म्हणून तो माझ्या नावावर आला. आम्ही राहायचो त्या करामा भागात, इमारतीच्या मागेच, सरकारी अर्ज भरून देणारं टायपिंग सेंटर होतं. तिथल्या माणसाने अर्ज भरताना दोनदा विचारलं, "मॅडम, स्पॉन्सर आप? सर डिपेंडंट?" दोन्ही वेळा मी हो म्हटलं. नवरा शेजारी उभा राहून भिंतीवरची फोटोच्या मापांची पाटी वाचत होता. पासपोर्ट परत आला तेव्हा त्याने त्यातला शिक्का पाहिला, पासपोर्ट कपाटात ठेवला आणि सोफ्यावर बसला. तो त्या सोफ्यावर साधारण आठ महिने होता.

एक काम मात्र राहून गेलं. पुण्यात सासऱ्यांना सांगायचं.

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. दर शुक्रवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे त्यांच्या बाराला, आम्ही फोन करायचो. फोन स्पीकरवर टाकायचा, म्हणजे मुलीलाही बोलता यायचं आणि मला पोळ्या करता करता ऐकता यायचं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "कितवा मजला?" सोसायटीतल्या कट्ट्यावर ते हा आकडा सांगत असावेत. काम जोरात असताना दर आठवड्याला एक स्लॅब पडत होता, त्यामुळे दर शुक्रवारी आकडा एकाने वाढायचा आणि ते म्हणायचे, "वा."

नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी त्यांनी विचारलं, "कितवा मजला?" आणि नवरा म्हणाला, "वीस."

फोन ठेवल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं. "पुढच्या आठवड्यात सांगतो," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात एकवीस झाले.

मी त्याला दोष देत नाही, कारण दुसरं टोक मी धरलं होतं. आम्ही कार्डावरून फोन करायचो. कार्डातली मिनिटं संपत आली की एक बाई मधेच सूचना द्यायची, हे पुण्यात सासऱ्यांनाही माहीत होतं. बोलणं ऑफिसच्या दिशेने जास्त सरकलं की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "कार्ड संपत आलंय हं!" मग सगळे घाईघाईने एकमेकांना तब्येत सांभाळायला सांगायचे आणि फोन बंद व्हायचा. आखातात ही सबब कुणीही वापरतं. मी ती दर शुक्रवारी वापरली. आणि नवरा प्लॅनिंगचा माणूस असल्यामुळे त्याचं खोटंही वेळापत्रकाप्रमाणे चालायचं. उन्हाळ्यात दुपारच्या कामाला बंदी असते म्हणून त्याने जुलैत एक आठवडा मजला वाढवला नाही. रमझानमध्ये दोन आठवड्यांना एक असा वेग ठेवला. सासरे म्हणाले, "साहजिक आहे. उपाशी माणसं किती काम करणार?"

एप्रिलमध्ये खालच्या मजल्यावरचं मल्याळी कुटुंब दोन दिवसांत सगळं आवरून गावी परत गेलं. जाताना त्यांच्या मुलाचा गेम खेळायचा कन्सोल आणि सहा-सात डिस्क माझ्या मुलीच्या हातात देऊन गेले. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. तिची परीक्षा होती म्हणून मी कन्सोल टीव्हीखाली ठेवून दिला. आठवड्याभराने शाळेतून आले तर नवरा खेळत होता. मला बरं वाटलं. निदान हात हलत होते.

त्यातला एक गेम त्याला लागला. एक तलवारवाला असतो, त्याने जंगलात जाऊन लांडगे मारायचे, झाडपाला गोळा करायचा, त्याचे गुण मिळवायचे. गुण साठले की पातळी वाढते, की जास्त मोठे लांडगे. कोपऱ्यात एक पट्टी असे, ती भरत जाई. भरली की रिकामी होऊन पुन्हा भरायला लागे. त्यात एक राजकन्या की कोण हरवलेली होती, पण तिला शोधायला जायची काही घाई नव्हती. नवरा तिच्या वाटेला गेलाच नाही. जून लागेपर्यंत त्याने कॉम्प्युटरवर एक तक्ता केला होता: कुठल्या जंगलात तासाला किती गुण, कुठला पाला कुठे, पुढची पातळी कुठल्या वारी. तक्ता उत्तम होता. त्याच्या नोकरीतल्या तक्त्यांसारखाच, रंगसुद्धा तेच.

मुलीने एकदा त्याच्या मागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, "आई, दॅट्स नॉट अ गेम. दॅट्स अ जॉब."

"कळतंय मला," मी म्हटलं.

"ही'ज ग्राइंडिंग. ही विल नेव्हर फिनिश. यू कान्ट फिनिश ग्राइंडिंग." गुणांसाठी तेच तेच करत राहायचं, त्याला या मुलांच्या भाषेत ग्राइंडिंग म्हणतात.

मी कन्सोल उचलून माळ्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी अडीचला घरी आले तर नवरा बंद टीव्हीसमोर बसला होता, पाय तसेच, हात तसेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी कन्सोल खाली काढला.

जुलैत मी आणि मुलगी दोन आठवडे पुण्याला जाऊन आलो. नवरा कामामुळे आला नाही असं सांगितलं. विमानात मुलीला नीट समजावलं होतं. ती म्हणाली, "सो आय लाय टू आजोबा." मी म्हटलं, "बोलायचंच नाही त्या विषयावर." ती बोलली नाही. मीच बोलले. सासऱ्यांनी माझ्यासाठी अळूची भाजी केली होती, मला आवडते म्हणून, आणि वाढता वाढता विचारलं, "तो जेवतो ना वेळेवर साइटवर?" मी म्हटलं, "डबा नेतो." मला तेव्हा काय वाटलं असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. भाजी चांगली झाली होती.

ऑगस्टच्या शेवटी शाळा सुरू झाली आणि मी विचार केला. काढून घेऊन उपयोग नव्हता, ते पाहून झालं होतं. मग बदलून द्यावं. ज्याला शेवट आहे असा गेम आणायचा. गोष्ट असलेला. गोष्ट संपते. संपली की माणसाला एक तरी दुपार रिकामी मिळते. त्या दुपारी त्याला फोनपाशी बसवून सासऱ्यांना खरं सांगायला लावायचं. बेत साधा होता, आणि घाईही होती, कारण सासऱ्यांनी जाहीर केलं होतं की डिसेंबरअखेर ते येणार. "बावन्नावा स्लॅब पडेल तेव्हा मला वर घेऊन चल," ते म्हणाले. "एकदा वरून समुद्र बघतो." नवरा म्हणाला, "हो, बघू." मी ओरडले, "कार्ड संपत आलंय!"

करामात जुन्या गेमचं एक दुकान होतं, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या दुकानाच्या पोटात. एक डिस्क द्यायची, थोडे दिरहॅम वर द्यायचे, दुसरी न्यायची. दुकानदार रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, डोक्यावर जाळीची टोपी. मी मुलीशी मराठीत बोलले तेव्हा त्याने मान वर केली.

"ताई, पुण्याच्या काय?"

"हो. मला गोष्ट असलेला गेम पाहिजे. त्यात लांडगे मारत बसायचं नको. पातळ्या नकोत, गुण नकोत, पाला गोळा करायचा नको. आणि लवकर संपला पाहिजे."

त्याने हातातलं कव्हर खाली ठेवलं. "लवकर संपला पाहिजे?"

"हो."

"ताई, माणसं येऊन विचारतात शंभर तास चालणारा आहे काय, दोनशे तास चालणारा आहे काय. हल्ली तर सगळे घरीच बसलेले. तुम्ही धंदा बुडवायला आलात काय माझा?"

"आठ-दहा तासांत संपणारा द्या."

"कुणासाठी? पोरीसाठी?"

"घरात एक माणूस आहे."

त्याने पुढे विचारलं नाही. त्याच्या दुकानात त्या वर्षी घरी बसलेल्या माणसाची बायको अशी मी एकटीच येत नसणार. त्याच्या मागे विकलेल्या कन्सोलची छतापर्यंत चळत होती.

दर शनिवारी दुपारी मी जायला लागले. मुलगी सोबत, तज्ज्ञ म्हणून. डबीची मागची बाजू कशी वाचायची हे मी तिच्याकडून शिकले. तासांचा आकडा मोठ्या अक्षरांत असेल तर ठेवून द्यायचं. 'शेकडो शस्त्रं' असेल तर ठेवून द्यायचं. जग फार मोठं आहे अशी बढाई असेल तर तिथे चालत चालत जावं लागणार हे ओळखायचं. चित्रात कोपऱ्यात आकडे किंवा पट्ट्या दिसल्या तर अजिबात नको. आणि 'हृदयस्पर्शी कथा' असं लिहिलेलं असेल तरी मुलीला विचारायचं, कारण एकदा मी तसा एक नेला आणि त्यात दर दहा मिनिटांच्या गोष्टीमागे एक तास दगड फोडायचे होते. नवरा गोष्ट सोडून दगड फोडत बसला. तक्ताही सुरू केला. तो गेम मी पुढच्याच शनिवारी परत केला.

"काय झालं, ताई? गोष्ट नव्हती?"

"होती. पण दगड होते."

"दगड पण नकोत." दुकानदार मुलीकडे वळून म्हणाला, "तुझी आई फार कडक आहे गो."

"आय नो," मुलगी म्हणाली.

दुसऱ्यात गोष्ट चांगली होती, पण बंदुका होत्या. नवऱ्याचा अंगठा वेळेवर हलेना. तो तीनदा मेला आणि लांडग्यांकडे परत गेला. तिसरा एक खुनाचा तपास होता. बोटं चालवायची गरज नव्हती, लोकांना प्रश्न विचारायचे आणि खोटं कोण बोलतंय ते ओळखायचं. तो त्याने रविवारी सुरू केला आणि मंगळवारी संपवला. खुनी सापडला. बुधवारी दुपारी मी शाळेतून आले तर टीव्ही बंद होता आणि तो जागाच होता. माझी रिकामी दुपार आली होती. मी चहा केला, फोन त्याच्या मांडीवर ठेवला, कार्डाचा नंबर कागदावर लिहून समोर ठेवला.

"आज सांग," मी म्हटलं. "शुक्रवारची वाट बघू नकोस."

"आज बुधवार. बाबा घाबरतील, मधेच फोन आला तर."

"मग शुक्रवारी."

"शुक्रवारी सांगतो."

शुक्रवारी तो म्हणाला, "सेहेचाळीस." आणि शनिवारी पुन्हा लांडगे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा बेत चुकीचा होता. गोष्ट संपली म्हणून माणूस उठतोच असं नाही. पण दुसरा बेत सुचत नव्हता, म्हणून मी दुकानात जात राहिले. सवय झाली होती. मीही काही फार वेगळं करत नव्हते त्या दिवसांत. उठायचं, डबे भरायचे, शाळा, वह्या, शनिवारी दुकान. कुणी विचारलं कसं चाललंय, की म्हणायचं, मजेत.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुकानदाराने काउंटरखालून एक खोका काढला. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या जुन्या सीड्या होत्या, कुणाला नको असलेल्या. "यातलं काही बघा. हे सगळं टिचक्या मारायचं. मारामारी नाही. म्हणून तर पडून आहे." मुलीने एक उचलली. वेष्टनावर हाताने काढल्यासारखं चित्र होतं: डोंगरातलं गाव, आणि एक माणूस, काखेत फाइल.

"किती तासांचा?" मी विचारलं.

"लिहिलेलंच नाही," तो म्हणाला. "न्या. नाही आवडलं तर परत आणा. दगड निघाले तर माझं नाव सांगू नका कुणाला."

गेम असा होता. एका गावाच्या खालच्या बाजूला धरण बांधून झालंय. चाळीस दिवसांनी गाव पाण्याखाली जाणार. एक सरकारी कारकून येतो. त्याच्याकडे घरांची यादी आहे. प्रत्येक घरी जाऊन घर सोडत असल्याची सही घ्यायची. बस. दारावर टिचकी मारायची, माणूस बाहेर येतो, चार वाक्यांतलं एक वाक्य निवडायचं, तो उत्तर देतो. प्रत्येकाला न जाण्याचं काहीतरी कारण असतं आणि ते तो पहिल्यांदा सांगत नाही.

नवऱ्याने पहिल्या दिवशी कोपरे तपासले. "गुण कुठे दिसतात?"

"देअर आर नो पॉइंट्स, बाबा," मुलगी म्हणाली. "यू जस्ट टॉक."

"मग पुढे गेलो ते कळणार कसं?"

"यू'ल नो."

त्याने तक्ता केला नाही. करायला काही नव्हतं. मी शेजारी टेबलावर वह्या तपासत बसायचे. तिसऱ्या दिवशी तो अचानक म्हणाला, "हा गिरणीवाला थापा मारतोय." मी लाल पेन थांबवलं. कित्येक महिन्यांत त्याने न विचारता उच्चारलेलं ते पहिलं वाक्य असावं. मी "का रे?" म्हटलं. "आधी म्हणाला बायको गेली, आता म्हणतो माहेरी आहे," तो म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे वळला. मी पुढची वही घेतली.

यादीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या, एक घर राहिलं. तिथली म्हातारी दार उघडेना. आतून बोलायची, पण दार उघडायची नाही. नवऱ्याने सगळी वाक्यं वापरून पाहिली. गुरुवारी दिवसभर तो त्या एका दारासमोर होता.

शुक्रवारी साडेदहाला मुलीने फोन लावला. सासरे म्हणाले, "बोला. कितवा मजला?"

"एकोणपन्नास," नवरा म्हणाला. आणि लगेच, त्याच श्वासात, "बाबा, तुम्ही धरणाच्या वेळी गावात नोटिसा वाटायला जायचात ना?"

"वाटायला?" सासरे म्हणाले. "वाटतात त्या लग्नाच्या पत्रिका. नोटीस बजावतात."

"तेच. समजा, कुणी दार उघडलंच नाही तर?"

"तर दोन पंच न्यायचे, पंचनामा करायचा आणि दारावर डकवून यायची. कायद्याने बजावली गेली. पण त्याने माणूस उठत नाही. कागद उडून जातो."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मी? मी पायरीवर बसायचो. डबा तिथेच खायचो. पाणी मागायचो. पाणी द्यायला तरी दार उघडावं लागतं ना. एका ठिकाणी दोन दिवस बसलो होतो, तुझ्या जन्माच्या आधी. पण हे कशाला विचारतोयस?"

मग नवऱ्याने सांगायला सुरुवात केली. कारकून, यादी, गिरणीवाला, त्याची बायको, शाळेचा मास्तर जो घंटा सोबत नेऊ द्या म्हणत होता, आणि ही म्हातारी. तो हातवारे करत होता, फोनवर. मधे मधे सासरे अडवायचे. "चाळीस दिवस? अशी नोटीस टिकणार नाही कोर्टात." "मास्तरला घंटा न्यायला परवानगी कुणाची लागते माहितेय का?" मुलगी सोफ्याच्या हातावर बसून ऐकत होती. मी पोळ्या लाटत होते. वीस मिनिटं झाली असतील. नवऱ्याने मार्चपासून मिळून एवढं बोललेलं मला आठवत नव्हतं.

"छान आहे रे," सासरे म्हणाले. "आमच्या वेळी असलं काही असतं तर नव्या पोरांना आधी हे खेळायला लावलं असतं. पण तू हे खेळतोस कधी? शेवटचे स्लॅब चालू असताना? तुला वेळ कुठून मिळतो?"

नवरा थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मुलीनेही पाहिलं. ते दोघं कशाची वाट बघत होते ते मला नीट कळत होतं. चार शब्द होते. तव्यावर पोळी होती, ती मी उलटली. मी का ओरडले नाही ते सांगता येणार नाही. ठरवलं होतं असं नाही. फक्त ओरडले नाही.

"टॉवर बंद आहे, बाबा," नवरा म्हणाला.

"बंद म्हणजे? ईदची सुट्टी?"

"काम बंद. मार्चपासून. मी घरी आहे."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. ते पंखा बाराही महिने लावतात.

"कितव्या मजल्यावर?" सासऱ्यांनी विचारलं.

"एकोणीस."

"आत्ता एकोणपन्नास म्हणालास."

"हो."

"मग मधले तीस?"

नवरा कार्डाच्या कागदाची घडी घालायला लागला. सासरे म्हणाले, "तिला दे फोन."

फोन स्पीकरवरच होता. मी हात पुसून जवळ गेले. "बोला बाबा."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"जुलैत माझ्यासमोर बसून जेवलीस. मी विचारलं जेवतो ना वेळेवर, तर डबा नेतो म्हणालीस."

"हो. म्हणाले."

"का?"

माझ्याकडे उत्तरं होती. तुमची काळजी, त्याचा मान, दोन-चार आठवड्यांत होईल काहीतरी असं वाटलं होतं. त्यातलं एकही बोलण्यासारखं वाटलं नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"त्याचं एक समजू शकतो," सासरे म्हणाले. "तो लहानपणापासून असाच. मार खाऊन आला तरी पडलो म्हणायचा. तू तशी नाहीस." मग "वाढ त्याला," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांनी आपण होऊन फोन ठेवला असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मी वाढलं. नवरा दोन पोळ्या जास्त जेवला. मुलगी जेवली नाही, खोलीत जाऊन बसली. मला हलकं वाटलं का? नाही. सिंकमध्ये तवा होता, तो घासला.

पुढचे दोन शुक्रवार सासऱ्यांनी फोन उचलला, पण मजला विचारला नाही. तब्येत, पाणी, मुलीचा अभ्यास. तिसऱ्या शुक्रवारी म्हणाले की तिकीट काढलेलंच आहे, तर येतो. दरम्यान नवऱ्याने तो गेम संपवला. त्याने सासऱ्यांचं ऐकून कारकुनाला पायरीवर बसवलं होतं, काहीच वाक्य न निवडता. तसंही करता येतं हे त्याला आधी कळलं नव्हतं. मी सीडी दुकानात परत नेली. दुकानदाराने विचारलं, "दगड निघाले काय?" "नाही," मी म्हटलं. "असलाच अजून एक बघा." लांडग्यांचीही डिस्क मी त्याच वेळी दिली. नवऱ्याला विचारून दिली. तो "दे" म्हणाला. फार विचार केलेला दिसला नाही. नोकरी त्याला पुढच्या मे महिन्यात लागली, आधीपेक्षा खालच्या हुद्द्याची, पण तोवर तो सकाळी दाढी करून बायोडेटा घेऊन बाहेर पडायला लागला होता.

सासरे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आले. दोन दिवस घरातच बसले, एरवी मला 'बाळ' म्हणायचे, ते म्हणाले नाहीत, नावाने हाक मारली. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. नाश्ता झाल्यावर चपला घालून दारात उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, "चल. जेवढे आहेत तेवढे दाखव."

आम्ही अल रीमला गेलो. गाडीने दीड तास लागला. टॉवरभोवती पत्र्याचं कुंपण होतं, फाटकाला साखळी, एक वॉचमन खुर्चीवर. आत सोडणार नाही म्हणाला. सासऱ्यांनी रस्त्यापलीकडे जाऊन मान वर केली आणि बोटाने एकेक मजला मोजला. ओठ हलत होते. मधे एकदा चुकले, पुन्हा खालून सुरुवात केली.

"एकोणीस," ते म्हणाले. "बरोबर आहे."

नवरा त्यांच्या शेजारी उभा होता.

"वरच्या सळया उघड्याच सोडल्यात," सासरे म्हणाले. "समुद्राची हवा. गंज चढणार."

"सिमेंटचं पाणी मारलंय त्यांना. तात्पुरतं."

"किती दिवस टिकतं ते?"

"वर्षभर. फार तर दीड."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर घासून पुन्हा मारायचं. नाहीतर कापून नव्या जोडायच्या." नवरा हाताने दाखवायला लागला, कुठून कापायच्या, किती लांबी धरायची. सासऱ्यांनी खिशातून चष्मा काढला.

ऊन वाढलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, कॅन वी वेट इन द कार?" आम्ही दोघी गाडीत जाऊन बसलो. मी एसी लावला. ते दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून आणखी अर्धा तास सळयांबद्दल बोलत होते.